सगुणा कोणाच्या स्वप्नात जाते

सगुणा वारली आणि पाष्टेवाडीतल्या लोकांच्या स्वप्नात जाऊ लागली. आज यमुनाबाईच्या, उद्या चिमाआत्तेच्या, परवा तर दूधवाल्याच्या. फक्त नवऱ्याच्या स्वप्नात ती एकदाही आली नाही.

काशीराम पाष्टे यांना ही गोष्ट फार लागली. दुःख होतंच, पण ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं. हा मात्र त्यावर अपमान होता, आणि तो रोज सकाळी चहाबरोबर घरपोच मिळत होता. शेजारची यमुनाबाई, म्हणजे त्यांच्या चुलतभावाची, बाबल्याची बायको, पडवीच्या कठड्याला टेकून सांगायची, "भावजी, काल वयनी आलती. हिरवं लुगडं नेसली व्हती. बरी दिसत व्हती हो."

"काय बोलली?"

"काय नाय. माज्याकडं बघून हसली."

काशीराम कप खाली ठेवायचे. संसार आपल्याशी केला, आणि हसायला यमुनाबाई! जिवंतपणी या दोघींचं नळावरून महिनोन्महिने बोलणं नसायचं. तेव्हा मध्यस्थी काशीरामनी केली होती. आता मध्यस्थाला कोणी विचारत नव्हतं.

काशीराम हे एसटीतले निवृत्त वाहतूक नियंत्रक. रत्नागिरीच्या स्टँडवर खिडकीत बसून त्यांनी नोकरी काढली. गाडी का आली नाही, हे लोकांना सांगणं हे त्यांचं काम. टायर बसला, चालक आजारी पडला, घाटात दरड आली, काहीतरी कारण असायचंच. कारण नसताना गाडी आली नाही, असं त्यांच्या खिडकीवर कधी झालं नव्हतं. त्यामुळे सगुणा येत नाही याहीपेक्षा, का येत नाही हे कोणी सांगत नाही, याचा त्यांना जास्त त्रास होई.

त्यांनी चौकशी केली. भटजी म्हणाले, "आत्मा तृप्त आहे, म्हणून येत नाही." मग यमुनाबाईकडे तो अतृप्त होऊन जातो काय, असं काशीरामनी विचारल्यावर भटजींनी पिशवी उचलली. डॉक्टरांनी रक्तदाब तपासला आणि मीठ कमी करायला सांगितलं. मुलगा संदेश मुंबईला असतो. तो फोनवर म्हणाला, "बाबा, तुम्ही फार विचार करता." काशीरामना वाटलं, आपण विचार करतो हे खरं, पण विचार करून उत्तर आलेलं नाही, म्हणजे तो कमीच पडला असणार.

एका दुपारी बाबल्याची मुलगी शमिका पडवीत बसून कॉलेजचा अभ्यासक्रम मोठ्याने वाचत होती. वाऱ्याने कागद उडत होते, कावळा एकाच सुरात ओरडत होता, आणि काशीराम आरामखुर्चीत झोप आणि जागेपणाच्या मधल्या त्या जागेत होते जिथे सगळे शब्द लांबून, पाण्यावरून आल्यासारखे येतात. तेवढ्यात त्यातला एक शब्द सरळ कानात शिरला.

"घटक चार. निद्रा आणि स्वप्ने. स्वप्ने का पडतात, स्वप्ने का आठवत नाहीत..."

काशीराम उठून बसले. "काय गो, हे कुठं शिकवतात?"

"आमच्या कॉलेजात, काका. मानसशास्त्रात."

"परीक्षा असते याची?"

"असते तर!"

काशीरामना एकदम बरं वाटलं. ज्याची परीक्षा घेतात त्याचं उत्तर कोणाकडे तरी असणारच. असे काशीराम पाष्टे एकसष्टाव्या वर्षी कॉलेजात गेले.

जाणं सोपं नव्हतं. प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन. सायबर कॅफेतल्या पोराने जन्मवर्षाची यादी उघडली, खाली सरकवत सरकवत नेली, आणि ती एकोणीसशे ऐंशीला संपली.

"काका, याच्या आधी कोणी जन्मलेलं नाही."

"मग तुझ्या समोर कोण बसलंय?"

"ते मला दिसतंय. याला दिसत नाही." पोराने संगणकाकडे बोट दाखवलं.

ऐंशी साल टाकावं, असं त्याने सुचवलं. पण ऐंशी साली काशीराम दहावीच्या वर्गात होते, आणि आपणच आपल्या दहावीच्या वर्षी जन्म घेणं त्यांना पटेना. शेवटी कॉलेजच्या ऑफिसात हाताने अर्ज भरला. तिथे शिक्षणात खंड का पडला याचं प्रतिज्ञापत्र लागलं. कारणासाठी एक ओळ होती. काशीरामनी लिहिलं, "नोकरी व संसार."

"पुरावा?" क्लार्क म्हणाला.

नोकरीचा पुरावा म्हणून पेन्शनचं पुस्तक होतं. संसाराचा पुरावा म्हणून त्यांच्या पिशवीत एकच कागद निघाला, तो सगुणेच्या मृत्यूचा दाखला. तो त्यांनी जोडला. क्लार्कने तो वाचला आणि पुढे काही विचारलं नाही.

मग रॅगिंगविरोधी हमीपत्र. त्यावर पालकाची सही हवी होती. ते संदेशला कुरिअरने पाठवलं. रात्री त्याचा फोन आला. "बाबा, 'माझा पाल्य इतर विद्यार्थ्यांना त्रास देणार नाही याची मी हमी देतो,' असं लिहिलंय. देऊ ना हमी?"

"दे," काशीराम गंभीरपणे म्हणाले. "मी सांभाळून राहीन."

वाडीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. रत्नागिरीच्या माणसाला मानसशास्त्र म्हटलं की वेड्यांच्या इस्पितळाचा रस्ता आठवतो. बाबल्या कुंपणाच्या गडग्यावरून डोकावून म्हणाला, "दादा, शिकायला चाललायस का दाखवायला?" नव्वदीला टेकलेली चिमाआत्ते काठी टेकत आली आणि तिने बजावलं, "काशी, शीक बाबा, पन संध्याकाळी हातपाय धुतल्याबिगर घरात येव नको. कुनाचं काय अंगाला लागून येईल सांगता येत नाय." यमुनाबाईने बदाम भिजत घालायला सांगितलं. ते मात्र तिच्यासमोर खावे लागत आणि निम्मे तीच खाई.

कॉलेज टेकाडावर होतं. मागच्या बाकावरच्या खिडकीतून समुद्राची एक पट्टी दिसे, दुपारी ती चांदीच्या पत्र्यासारखी पांढरी होई, आणि वर पंखा आपल्याच तंद्रीत फिरत असे. आम्रपाली तांबे मॅडम शिकवायला होत्या. वय संदेशपेक्षा थोडं कमी. पहिल्या दिवशी त्या वर्गात आल्या तेव्हा सवयीने काशीरामना वाटलं की चौकशीला आल्यात, आणि ते "बोला" म्हणाले. वर्ग हसला. मॅडमही हसल्या. "तुम्ही बोला, काका. मी शिकवते."

अभ्यास मात्र त्यांनी मन लावून केला. मॅडमनी सांगितलं होतं की नुसतं घोकू नका, ओळखीच्या जागांना जोडा, मग आठवतं. काशीरामना ओळखीच्या जागा म्हणजे थांबे. त्यांनी सगळा अभ्यासक्रम मालगुंडच्या गाडीत बसवला. शिरगावला मेंदू. बसणीला पाच ज्ञानेंद्रियं. आरे-वारेच्या वळणावर समुद्र दिसला की घंटी वाजते आणि पुस्तकातला, घंटी ऐकून लाळ गाळणारा कुत्रा उभा राहतो. नेवऱ्याला विस्मरण, कारण तिथे उतरणारी माणसं हमखास गाडीत छत्री विसरतात. चाचणीच्या वेळी काशीराम डोळे मिटून बसत, ओठ हलत, मधेच अंग एका बाजूला कलतं होई. शेजारचा मुलगा घाबरला. शमिकाने त्याला समजावलं, "काही नाही रे, वळण आलं असेल." चाचणीत काशीराम पहिले आले. वाडीत सांगताना यमुनाबाई म्हणाली, "आमच्याच बदामानं!"

पण चौथा घटक काही येईना. तो लागायचा त्या दिवशी क्रीडा महोत्सव निघाला. मग मॅडमना निवडणुकीच्या कामाला नेलं. मग कॉलेजचा वर्धापनदिन. काशीराम रोज नवा कोरा पेन घेऊन जात आणि खिडकीतली समुद्राची पट्टी बघून परत येत. गाडी लागणार म्हणून फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशांचे चेहरे त्यांना आता आतून कळायला लागले.

शेवटी मॅडमनी जाहीर केलं. "चौथा घटक आपण प्रकल्पातूनच करू. प्रत्येकाने आपल्या परिसरातल्या तीस माणसांची स्वप्नं विचारून लिहून आणायची. एक नियम पक्का. ऐकणाऱ्याने मत द्यायचं नाही. खरं की खोटं, चांगलं की वाईट, काही बोलायचं नाही. फक्त लिहायचं."

हा नियम काशीरामनी आयुष्यभराच्या शिस्तीने डोक्यात ठेवला, आणि त्याच नियमाने त्यांचा घात केला.

पहिली आली यमुनाबाई. केस विंचरून, चांगलं पातळ नेसून, जणू फोटो काढायचाय. "भावजी, लिवा. वयनी आलती. चुलीपाशी बसली आणि बोलली, 'यमुने, माजी लोणच्याची बरणी कोनाड्यात पडलीय ती तू ने.' असं सांगितलान."

काशीरामचं पेन थांबलं. ती चिनी मातीची बरणी सगुणा स्वतःच्या सुनेलाही हात लावू देत नसे. उन्हात न्यायची तर दोन्ही हातांनी, लेकरासारखी. त्यांच्या तोंडावर आलं की, "खोटं बोलतेस." पण संशोधकाने मत द्यायचं नाही. त्यांनी लिहिलं, "बरणी." आणि दातावर दात ठेवले.

"लिवलंत ना?" यमुनाबाईने वाकून बघितलं. "मग नेते." आणि कोनाड्यातून बरणी काढून ती गेलीसुद्धा. मेलेल्या माणसाने स्वप्नात काही सांगितलं तर ते मोडायचं नाही, हे वाडीत लहान पोरालाही माहीत. त्यात ते आता कॉलेजच्या कागदावर होतं.

दुसऱ्या दिवशी बाबल्या. तो कधी कोणाच्या दारी चप्पल काढून येत नाही, त्या दिवशी आला. "दादा, वयनी सपनात आली. गडग्यापाशी उभी. बोलली, 'भावजी, ह्यो गडगा वाकडा हाय. कलमाच्या पलीकडनं सरळ घ्या.'"

दोन घरांमधला हा चिऱ्यांचा गडगा त्यांच्या आज्याने घातला होता, आणि तो आंब्याच्या कलमाला बाबल्याच्या बाजूने वळसा घेत होता म्हणून कलम काशीरामचं होतं. सरळ घेतला तर कलम बाबल्याचं. सगुणेला भूमितीत एवढा रस कधीपासून, हे काशीरामना विचारायचं होतं. घसा खाकरून त्यांनी लिहिलं, "गडगा. सरळ."

"मत काय तुजं?" बाबल्याने विचारलं.

"मत द्यायचं नसतं."

"बरं झालं," बाबल्या म्हणाला, आणि दुसऱ्या सकाळी चिरे हलवायला लागला.

मग वाडी लागली रांगेला. दूधवाल्याला सगुणेने सांगितलं होतं की पाणी घालतोस त्याबद्दल माफ केलं. एकाला तिने काशीरामची जुनी सायकल दिली होती. ज्यांना स्वप्नं पडत नव्हती ते दुपारी मुद्दाम झोपायला लागले. भरल्या दिवसा वाडीवर अशी शांतता उतरायची की पिकलेली सुपारी पडलेली ऐकू यायची, आणि घराघरांतून लोक डोळे मिटून सगुणेची वाट बघत पडलेले असायचे. काशीराम पडवीत एकटे जागे. त्यांना वाटे, आत्ता ती कुठल्या दारातून शिरत असेल? आपल्या दारावरून जाताना निदान आत डोकावत तरी असेल का?

चिमाआत्तेने मात्र काही मागितलं नाही. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे तिला प्रश्न ओरडून विचारावा लागला. ती समोरच्या मळ्याकडे बघत सांगू लागली.

"समुद्र वर आला व्हता, काशी. अगदी आपल्या मळ्यापरेंत. भात पान्याखाली, पन हिरवंगार. आणि सगुणा त्यातनं चालत व्हती. पान्यावरनं नाय, पान्यातनं. पदराला बारीक बारीक मासं चिकटलेलं, चमकत व्हतं. मी बोलले, 'गो, कुटं चाललीस?' बोलली, 'आत्ते, घरी.'"

"कोणाच्या घरी?" काशीराम एकदम ओरडले. नियम मोडला. पण ते मत नव्हतं, प्रश्न होता.

"तेवड्यात कोंबडा आरवला," चिमाआत्ते म्हणाली.

इकडे बाबल्याने गडगा हलवून झाल्यावर काम पक्कं करायचं ठरवलं. तो तलाठ्याकडे गेला. तलाठी म्हणाला, "हद्द बदलायला कागद लागतो." बाबल्या म्हणाला, "कागद हाय, कॉलेजात हाय." मग तो कॉलेजच्या ऑफिसात गेला आणि त्याने रीतसर अर्ज दिला: श्रीमती सगुणा काशीराम पाष्टे, मयत, यांच्या स्वप्नाची सही-शिक्क्यानिशी नक्कल मिळावी.

क्लार्कने अर्ज दोनदा वाचला. हा विषय आपल्या टेबलाचा नाही असं ठरवून त्याने तो वरच्या टेबलावर ढकलला, तिथून तो परीक्षा विभागाकडे गेला, तिथे त्यावर "पुनर्मूल्यांकन?" असा शेरा पडला, आणि असा फिरत फिरत तो प्राचार्यांपर्यंत पोचला. प्राचार्यांनी काशीरामना चिठ्ठी पाठवली. पालकांना घेऊन भेटा.

संदेश रजा टाकून कोकण रेल्वेने आला. "ऑफिसात काय सांगितलंस?" काशीरामनी विचारलं.

"वडिलांच्या कॉलेजात बोलावलंय म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, 'शिकवतात का ते?' मी म्हटलं, 'नाही, शिकतात. काहीतरी भानगड केलीय.'"

प्राचार्यांच्या खोलीत काशीराम मान खाली घालून उभे राहिले. आयुष्यात त्यांना कधी मेमो मिळाला नव्हता. प्राचार्य संदेशला म्हणाले, "तुमच्या पाल्याच्या प्रकल्पामुळे कॉलेजकडे जमिनीच्या नकला मागायला लोक येतायत. घरी लक्ष असतं का तुमचं यांच्याकडे?"

संदेश हळू म्हणाला, "फोन करतो, सर. रोज नाही होत."

प्राचार्यांनी फाईल मिटली. समज देऊन सोडून दिलं.

बाहेर येऊन दोघं कँटीनमध्ये बसले. समोर वडे, मध्ये माशी. संदेश म्हणाला, "बाबा, आईच्या स्वप्नांसाठी एवढं सगळं कशाला? माझ्याही येते ती."

काशीरामचा वडा हातातच राहिला. "तुझ्यापण?"

"हो. मधून मधून. डबा भरून देते. मी म्हणतो, कँटीन आहे, तरी भरते."

"मुंबईपर्यंत जाते?" काशीराम म्हणाले. आणि मग इतके गप्प झाले, की संदेशने आपला वडाही त्यांच्या ताटलीत ठेवला.

त्या संध्याकाळी संदेश परत गेला. घरी आल्यावर काशीरामनी पाहिलं तर शमिका पडवीत बसलेली. बाबल्या आणि यमुनाबाई आपल्या अंगणात.

"काका, माझं स्वप्न राहिलंय," शमिका मोठ्याने म्हणाली, पलीकडे ऐकू जाईल असं. "तीस पुरे करायचेत ना? लिहा. काल मोठी काकी आली. फार रागावलेली. म्हणाली, 'गडगा होता तिथे ठेवा, आणि माझी बरणी कोनाड्यात नेऊन द्या, नाहीतर मी रोज येईन.'"

"खोटं बोलते ही!" यमुनाबाई म्हणाली.

"आई, मत द्यायचं नसतं," शमिका म्हणाली.

काशीरामनी शमिकाकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत होती. सुंदर अक्षरात त्यांनी लिहिलं, "गडगा. बरणी. नाहीतर रोज." दुसऱ्या दिवशी बाबल्या पुन्हा चिरे हलवत होता. कंबर धरून तो म्हणाला, "एकदा काय ते ठरवून सांगत जा म्हणावं वयनीला." बरणी कोनाड्यात आली. आत तीन फोडी लोणचं होतं, तेही यमुनाबाईने राहू दिलं होतं.

प्रकल्प सादर करायच्या दिवशी आम्रपाली मॅडमनी सगळे कागद बघितले. चिमाआत्तेचं स्वप्न त्यांनी दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, "तीस झाली, काका. तुमचं स्वतःचं?"

"मला पडत नाही."

"एकही?"

"एकही नाही. म्हणून तर प्रवेश घेतला." काशीरामनी इतक्या दिवसांत हे कोणालाच सांगितलं नव्हतं. ते असं, ऑफिसात पास मागितल्यासारखं, सांगून गेले. "वाडीभर जाते. मुंबईला जाते. माझ्याकडे येत नाही. घटक चारमध्ये कारण दिलंय असं कळलं होतं. तेवढं सांगा, मॅडम, मग परीक्षा नाही दिली तरी चालेल."

मॅडमनी कागद खाली ठेवले. "झोपता कसे तुम्ही?"

"पडवीत. आरामखुर्चीत."

"रोज?"

"ती गेल्यापासून. आत नको वाटतं. पलंग मोठा आहे." मग ते हिशेबाला बसल्यासारखे सांगू लागले. नारळ पडला की जाग येते. कुत्रं भुंकलं की येते. पहिली गाडी घाटी चढते तेव्हा येते. मधे उगाचच येते.

"मग ऐका," मॅडम म्हणाल्या. "स्वप्नं सगळ्यांना पडतात. तुम्हालाही पडत असणार. पण मोठी, लांब स्वप्नं पडतात ती पूर्ण झोपेच्या शेवटाकडे, पहाटे. जो सारखा उठतो त्याची झोप तिथपर्यंत पोचतच नाही."

काशीरामनी खिडकीबाहेर बघितलं. समुद्राची पट्टी तिथे होती. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "गाडी लागायच्या आधीच मी उठून जातो."

"तसंच काहीसं. आणि अभ्यासाचंही तेच. झोप झाली की वाचलेलं डोक्यात बसतं. आता परीक्षेपर्यंत जागरण बंद. आत झोपायचं, आडवं होऊन. हा गृहपाठ समजा."

गृहपाठ काशीरामनी कधी चुकवला नव्हता, पण हा काही जमेना. पलंगावर ते अगदी कडेला झोपत, जणू तिकीट अर्ध्याच जागेचं आहे. डोळा लागला की नारळ पडे. उठून ते पडवीत जात, खुर्चीकडे बघत, आणि मॅडमची आठवण येऊन परत आत जात. वाडीला कळल्यावर वाडीने मदत केली. बाबल्याने कलमाखालचं कुत्रं आपल्या मागच्या दारी नेऊन बांधलं. यमुनाबाईने दुधात जायफळ उगाळून दिलं आणि या वेळी निम्मं प्यायली नाही. चिमाआत्ते म्हणाली, "काशी, मधोमध नीज. कडंला नीजलास तर तिनं बसायचं कुटं?" हे शास्त्रात बसत नव्हतं, पण काशीरामनी करून बघितलं.

मानसशास्त्राच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मालगुंडची गाडी एकदा शेवटपर्यंत नेऊन आणली. कुठे अडकली नाही. शमिका म्हणाली, "काका, तुम्ही पहिले येणार, बघा." पेपर अकराला होता. काशीराम लवकर जेवले, दिवा घालवला आणि पलंगाच्या मधोमध आडवे झाले. पायथ्याच्या खिडकीतून हवा येत होती. लांबवर समुद्राची गाज ऐकू येत होती, की कदाचित झाडं हलत होती.

शमिका सकाळी साडेनऊला हाक मारून गेली. दारातून उत्तर आलं नाही. तिला वाटलं काका आधीच गेले. काका नेहमीच आधी जात.

काशीराम कॉलेजात पोचले तेव्हा बारा वाजून गेले होते. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, केस एका बाजूला चपटे. घाईत नव्हते. हॉलच्या दाराशी पर्यवेक्षकांनी मान हलवली. "अर्ध्या तासानंतर आत घेता येत नाही. नियम आहे."

"नियम बरोबर आहे," काशीराम म्हणाले, आणि बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसले.

पेपर सुटल्यावर शमिका धावत बाहेर आली. "काका! चौथा घटक वीस मार्कांना होता! अगदी तुमचाच प्रश्न!" आणि मग त्यांचा चेहरा बघून ती गप्प झाली, कारण तो चेहरा हरलेल्या माणसाचा नव्हता.

मागोमाग आम्रपाली मॅडम आल्या. त्या पायरीवर त्यांच्या शेजारी बसल्या. "काका, काय झालं?"

"झोप लागली, मॅडम."

"आज? आजच?"

"काय करणार. पूर्ण लागली. तुम्ही म्हणालात तशी, शेवटपर्यंत."

मॅडमनी एटीकेटीचं काहीतरी सांगायला सुरुवात केली, पुढच्या सत्रात देता येईल, काळजी करू नका. मग त्या मधेच थांबल्या. त्यांचा आवाज बदलला. "आल्या होत्या?"

काशीरामनी मान डोलावली. "मागच्या दारात बसली होती. समोर अळूच्या पानांची टोपली. ओल्या फडक्याने एकेक पान पुसत होती. माझ्याकडे बघितलं नाही. बघायची सवयच नव्हती तिला, काम चालू असताना. मी बसलो शेजारी, तशी दुसरं फडकं माझ्याकडे टाकलंन."

"काही बोलल्या?"

"बोलली ना. बोलली, अकराला पेपर आहे तुमचा, उठा आता."

"मग?"

"मग काय, मॅडम," काशीराम म्हणाले. "टोपलीत अजून बरीच पानं होती."